साहेबाचा चाकू

भंडारा जिल्ह्यात ‘साहेबाचा चाकू’ म्हणून जी वस्तू दाखवली जाते, ती बहुतेक वेळा साहेबाची नसते. शिपायाची असते, पटवाऱ्याची असते, कधी रेल्वेच्या मिस्त्रीची असते. पात्यावर इंग्रजी अक्षरं दिसली की विकणाऱ्याच्या तोंडी साहेब येतो, आणि साहेब आला की किंमत तिप्पट होते. गेली सत्तावीस वर्षं मी पवनी, लाखांदूर, साकोली, तुमसर, मोहाडी या भागांतले आठवडी बाजार, भंगाराची दुकानं आणि कासारांच्या भट्ट्या या चाकूंसाठी पालथ्या घालत आलो आहे. जमवणं हा माझा छंद आहे. हा लेख मात्र छंदाबद्दल नाही. ब्रिटिश अधिकाऱ्याचा चाकू म्हणजे नेमकं काय, तो आमच्या झाडीपट्टीत कसा आला आणि साहेब गेल्यावर त्याचं काय झालं, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

पहिली गोष्ट अशी, की ब्रिटिश सैन्यात ‘अधिकाऱ्याचा चाकू’ असा सरकारी नमुना एकोणिसाव्या शतकात नव्हताच. शिपायाला गणवेश, बंदूक, भांडी सरकार देई. अधिकाऱ्यानं मात्र आपला गणवेश, तलवार, पिस्तूल, खोगीर, तंबूतली खाट, काटेचमचे असं सगळं स्वतःच्या पैशानं घ्यायचं असा रिवाज होता. तलवारीचा नमुना ठरवून दिलेला असे, चाकूचा नसे. ज्याला जो परवडेल, ज्याला ज्या दुकानदाराची ओळख असेल, तो तसा चाकू घेई. लंडनमध्ये १८७१ साली सैन्यातल्या आणि आरमारातल्या अधिकाऱ्यांनी मिळून आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी काढली ती याच खरेदीसाठी. पुढे तिची मुंबईतही शाखा निघाली. काळा घोड्याजवळची तिची इमारत अजून उभी आहे. अधिकाऱ्याचा चाकू बाजारातून येत होता, सरकारी कोठारातून नव्हे, हे एकदा लक्षात घेतलं की पुढचा बराच गुंता सुटतो.

उदाहरणार्थ बाण. ब्रिटिश सरकारच्या मालकीच्या वस्तूवर तीन रेघांचा, पक्ष्याच्या पावलासारखा एक बाण ठोकलेला असतो. हिंदुस्थानी कोठारातल्या वस्तूंवर या बाणासोबत ‘आय’ हे अक्षरही येतं. विक्रेते हा बाण भिंगाखाली धरून दाखवतात आणि म्हणतात, ‘बघा, आर्मीचा आहे, ऑफिसरचा आहे.’ यातला पूर्वार्ध बरोबर आहे, पण त्यामुळेच उत्तरार्ध लंगडा पडतो. बाण आहे म्हणजे चाकू सरकारी, आणि सरकारी म्हणजे बहुधा शिपायाला वाटलेला. पहिल्या महायुद्धातले काळ्या मुठीचे, एका बाजूला जाड पातं आणि पाठीला दोर सोडवायचा लोखंडी टोच्या असलेले मिटते चाकू या जातीचे आहेत. ते वजनदार असतात आणि दोरीनं कमरेला अडकवायला कडी असते. आमच्याकडे ते बऱ्यापैकी मिळतात, कारण युद्धावरून परतलेल्या जवानांनी ते घरी आणले. कुणाच्या आजोबांनी मेसोपोटेमियातून आणलेला चाकू ‘साहेबाचा’ म्हणून विकला जातो, तेव्हा त्या आजोबांवर अन्याय होतो असं मला वाटतं.

मग अधिकाऱ्याचा चाकू ओळखायचा कसा? खात्रीनं ओळखता येतच नाही, फक्त शक्यता मांडता येते. विल्किन्सनसारख्या कंपनीच्या तलवारींवर क्रमांक असत आणि कोणता क्रमांक कोणाला विकला याच्या वह्या असत. त्यामुळे दीडशे वर्षांनंतरही तलवारीचा धनी सापडू शकतो. चाकूंना ही सोय नाही. पात्यावरचा शिक्का कारागिराचं आणि राजाचं नाव सांगतो, गिऱ्हाइकाचं सांगत नाही.

तरी शिक्का वाचायला शिकलं पाहिजे. आमच्या भागात सर्वांत जास्त मिळतो तो शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सचा माल. त्यांची खूण म्हणजे एक चांदणी आणि तिच्याशेजारी माल्टाचा क्रूस. जोडीला नॉरफोक स्ट्रीटचा पत्ता असतो. या घराण्याला राजाश्रयाची सनद होती, म्हणून पात्यावर मुकुट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना राज्यकर्त्याची अक्षरं येतात. ‘व्ही’ आणि ‘आर’ असतील तर व्हिक्टोरिया राणी, म्हणजे १९०१ च्या आधी. ‘ई आर’ असेल तर सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. ‘जी आर’ असेल तर त्यानंतरचे जॉर्ज. दुसरं नाव जॉर्ज वोस्टनहोमचं. त्यांची खूण ‘आय एक्स एल’, म्हणजे मोठ्यानं उच्चारलं तर ‘मी सरस ठरतो’ असा अर्थ निघतो. तिसरी कसोटी देशाच्या नावाची. अमेरिकेनं १८९० च्या जकात कायद्यात आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून शेफील्डच्या मालावर ‘इंग्लंड’ हा शब्द सर्रास दिसू लागतो. नुसतं ‘शेफील्ड’ असेल तर पातं त्याआधीचं असण्याची शक्यता वाढते. आणि ‘स्टेनलेस’ हा शब्द असेल तर १९१३ च्या मागे जाताच येत नाही, कारण हॅरी ब्रिअर्लीनं न गंजणारं पोलाद शेफील्डमध्ये बनवलं ते त्या साली. स्टेनलेस पात्याचा चाकू मला एकदा ‘अठराशे सत्तावनचा’ म्हणून दाखवण्यात आला होता.

नकला तेव्हाही होत्या. नावातलं एखादं अक्षर गाळून, चांदणीच्या जागी फूल ठोकून बनवलेला माल हिंदुस्थानात येई. त्यातला बराचसा जर्मनीतल्या झोलिंगेनचा असे. फसव्या खुणांना आळा घालण्यासाठी ब्रिटनमध्ये १८८७ साली कायदा झाला आणि १८८९ मध्ये इथेही झाला. त्या काळची नक्कल आज शंभरी ओलांडून बसली आहे, म्हणून मी ती टाकून देत नाही. खोटा रॉजर्स घेणारा पटवारी खराच होता.

या चाकूंच्या मुठी पाहताना एका प्रवासाचा विचार मनात येतो. शेफील्डचे कारागीर उत्तम चाकूला हरणवर्गीयाच्या शिंगाची मूठ बसवत, आणि त्यासाठी त्यांना सर्वांत पसंत असे ते हिंदुस्थानातल्या सांबराचं शिंग. ते भरीव असतं, त्याची साल खडबडीत असते, ओल्या हातातही निसटत नाही. सांबर दरवर्षी शिंगं गाळतं. उन्हाळ्याच्या सुमारास जंगलात पडलेली ही शिंगं गावकरी गोळा करत आणि व्यापारी ती बंदरावर पाठवत. म्हणजे मध्य भारताच्या रानातलं शिंग शेफील्डला जाई, त्याला पोलाद जडवलं जाई आणि तो चाकू एखाद्या लेफ्टनंटच्या खिशातून पुन्हा याच रानात सांबराच्या मागावर येई. ही निर्यात विसाव्या शतकाच्या अखेरीस कायमची बंद झाली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. शिंगाच्या मुठीचे चाकू मी विकत घेत नाही, फक्त त्यांची नोंद करतो.

शेफील्डमध्ये हे पातं घासणाऱ्याची अवस्था काय होती, तेही सांगायला हवं. दगडाच्या चाकावर कोरडं घासताना उडणारी पूड छातीत बसे. फ्रेडरिक एंगल्सनं १८४५ च्या इंग्लंडमधल्या कामगारवर्गावरच्या पुस्तकात शेफील्डच्या एका डॉक्टरचा हवाला देऊन लिहिलं आहे, की कोरडं घासणाऱ्यांचं सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षांचं असतं. संग्राहकांच्या सचित्र पुस्तकांत पात्याची चकाकी असते, हा माणूस नसतो.

आता हे चाकू आमच्याकडे कसे आले ते पाहू. भंडाऱ्याला मोठी छावणी कधीच नव्हती. जवळची छावणी कामठीची, ती १८२१ ची. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं आणि भंडारा इंग्रजी अमलाखाली आलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्यानंतर डेप्युटी कमिशनर, पोलीस, जंगलखातं, १८८० च्या दशकात नागपूर–छत्तीसगड रेल्वे आणि मग बंगाल-नागपूर रेल्वे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँगनीजच्या खाणी, असे साहेब येत गेले. यातले सगळे काही लष्करी नव्हते, पण सैन्यातून मुलकी कामावर आलेले बरेच होते. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे १८७१ चं प्रसिद्ध पुस्तक लिहिणारा जेम्स फॉर्सिथ सैन्यातला कॅप्टन होता आणि या प्रांतात त्यानं जंगलाचं काम केलं. आमच्या उत्तरेकडच्या शिवनी जिल्ह्यावर रॉबर्ट स्टर्नडेलनं पुस्तक लिहिलं, ते १८७७ चं.

चाकूच्या दृष्टीनं मात्र महत्त्वाचा माणूस वेगळाच आहे. नागपूर खालसा झाल्यावर भोसल्यांच्या फौजेच्या जागी ‘नागपूर इरेग्युलर फोर्स’ उभी राहिली. तिचा एके काळचा प्रमुख कॅप्टन हेन्री शेक्सपिअर. त्यानं १८६० मध्ये ‘द वाइल्ड स्पोर्ट्स ऑफ इंडिया’ हे शिकारीवरचं पुस्तक लंडनला छापलं. नाटककाराचं आडनाव घेऊन आलेला हा घोडदळी माणूस भाल्या-चाकूंचा मोठा जाणकार होता. विल्किन्सन कंपनीनं पुढे ‘शेक्सपिअर नाइफ’ या नावाचा एक शिकारी चाकू विकायला काढला. संग्राहक ते नाव याच शेक्सपिअरशी जोडतात आणि लंडनच्या लिलावांत या चाकूला मोठा मान आहे. अधिकाऱ्यांसाठी बनवलेल्या चाकूंत जो एक नमुना जगभर नावानं ओळखला जातो, त्याची मुळं अशी नागपूरच्या फौजेपर्यंत येतात. विदर्भात हे फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही.

आणखी एक गोष्ट. त्या काळचे शिकारी साहेब नुसत्या विलायती पात्यांवर विसंबून नव्हते. औरंगाबादचा बोदराज आणि सेलमचा अरुणाचलम या दोन देशी कारागिरांची नावं त्यांच्या लिखाणात आदरानं येतात. बोदराजचे डुकराच्या शिकारीचे भाले आणि चाकू शेफील्डच्या तोडीचे मानले जात. देशी पोलादाचं कौतुक तर त्याही आधीचं. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवले ते १७९४ च्या सुमारास, आणि जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या चाकूवाल्यानं त्या पोलादाची पाती बनवून पाहिली. बोदराजचं एखादं पातं आज आपल्या बाजारात आलं तर ‘गावठी’ म्हणून किलोच्या भावानं जाईल, ही भीती मला नेहमी वाटते.

साहेबाकडून चाकू इथल्या माणसाच्या हाती येण्याच्या वाटा निरनिराळ्या होत्या. अधिकारी मेला की त्याच्या सामानाचा कॅम्पातच लिलाव करायची पद्धत होती. बदली झाली, मायदेशी परत निघाला, तरी जड सामान विकलं जाई. शिकारीत मदत केलेल्याला बक्षिसी मिळे. काही चाकू चोरीला गेले असतील, त्यात नवल नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं तलवारी, कट्यारी, भाले बाळगायला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. अशा काळात साहेबाच्या हातचा चाकू घरात असणं ही आमच्या मालगुजारांना मिरवण्याची गोष्ट वाटली असावी. लहान मिटता चाकू तर कचेरीतही लागे, बोरू तासायला आणि पुढे पेन्सिलीला. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. वाडे हळूहळू रिकामे झाले आणि माळ्यावरच्या पेट्या भंगारात निघाल्या. माझ्याकडचे बरेच चाकू त्या लाटेतले असावेत असा माझा तर्क आहे, कारण वाड्यांच्या गावांच्या आसपासच ते जास्त मिळतात.

भंडारा हे पितळेचं गाव. मिटत्या चाकूच्या मुठीच्या आत दोन्ही बाजूंना पितळेचे पातळ पत्रे असतात, म्हणून मोडका चाकू शेवटी कासाराच्या मोडीत येतो. हातोड्याचा एक घाव घातला की पोलाद एकीकडे, हाड दुसरीकडे आणि पितळ तिसरीकडे. किती चाकू असे भट्टीत वितळून घंगाळात आणि गुंडात गेले याचा हिशेब नाही. एका वृद्ध कासारदादांनी मला शब्द दिला होता, की इंग्रजी अक्षर दिसलं तर घाव घालण्याआधी बाजूला ठेवीन. तो शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

माझ्या वहीतला सर्वांत मोलाचा चाकू माझ्या मालकीचा नाही. तो वैनगंगेकाठच्या एका धीवर कुटुंबात आहे. पातं सरळ, न मिटणारं, शिकारी. चांदणी-क्रूस अर्धे झिजलेले, मुकुट आणि त्याच्या बाजूंना ‘व्ही आर’. ‘इंग्लंड’ हा शब्द नाही. म्हणजे १८९० च्या आधीचं असण्याचा चांगला संभव. मूळ मूठ केव्हाच गेली आहे. तिच्या जागी धावड्याच्या लाकडाची मूठ आहे, पात्याची शेपटी आत घालून लाख ओतलेली, आणि तोंडाशी पितळी शेंबी. शेंबीचं काम सफाईदार आहे, ती कासाराच्याच हातची. पात्याचं टोक एकदा मोडून पुन्हा घासलेलं आहे. मधला भाग दगडावर घासून घासून इतका खोलगट झाला आहे, की मूळ रुंदीचा तिसरा हिस्सा गेला असावा.

घरातल्या आजी सांगतात, ‘माह्या आजोबानं साहेबासंगं हाक्यात काम केलं जी, तवा हे बक्षीस भेटलं.’ आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या आजोबांची उमेद विसाव्या शतकाच्या आरंभाची. चाकू त्याच्याही आधी बनलेला. साहेबानं नवा चाकू दिला नसेल, वापरलेला दिला असेल, किंवा मिळाला असेल तो आजोबांच्याही वडिलांना आणि आठवणीत एक पिढी गळाली असेल. तोंडी परंपरेत असं होतं. त्यानं आठवण खोटी ठरत नाही. शिकार मारणारा साहेब असला तरी हाका घालणारा, जनावर सोलणारा, कातडं ताणणारा इथला माणूस असे. पात्याची झीज मधल्या पोटापाशी जास्त आहे, आणि सोलण्याच्या कामात तोच भाग लागतो. पुढच्या शंभर वर्षांत त्याच पात्यानं मासे कापले, जाळ्याची दोरी तोडली, बांबू चिरला.

या चाकूचं छायाचित्र मी मुंबईतल्या एका विक्रेत्याला दाखवलं. त्याचं उत्तर तयार होतं. आहे तसा याला काही भाव नाही. गावठी मूठ काढून त्या काळची जुनी मूठ बसवली आणि पातं यंत्रावर चकचकीत केलं, तर बऱ्यापैकी रक्कम मिळेल. रक्कम खरोखर बरी होती. ती लपवण्याचा मला हक्क नव्हता, म्हणून घरातल्या नातवाला मी ती सांगितली. त्याला गाडीचे हप्ते भरायचे होते. तो म्हणाला, ‘गुरुजी, मूठ मी आत्ताच काढून देतो.’ आजी ओसरीवरून म्हणाल्या, ‘मूठ काढशील तं मी मासोळी कायनं कापू?’ तो हसला आणि विषय तेवढ्यापुरता मिटला. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. आजींनंतर तो चाकू त्या नातवाचाच आहे.

विक्रेत्याचं म्हणणं बाजाराच्या नियमानं बरोबरच आहे. संग्राहकाला कारखान्यातून निघाल्यासारखी वस्तू हवी असते. पण न वापरलेला चाकू म्हणजे पेटीत पडून राहिलेला चाकू. भंडाऱ्याच्या इतिहासाला त्यातून काय मिळणार? माझ्या दृष्टीनं धावड्याची मूठ आणि लाख हा त्या चाकूचा सर्वांत बोलका भाग आहे, कारण विलायती पातं इथलं कधी झालं ते तिथेच कळतं. यंत्राच्या चाकावर झीज आणि शिक्का दोन्ही पुसले जातात आणि मग त्या गुळगुळीत पात्याला हवी ती गोष्ट चिकटवता येते. ‘कर्नलचा चाकू’ असाच जन्माला येतो.

दुसऱ्या महायुद्धानं आणखी एक लाट आणली. १९४३ मध्ये चौदाव्या हिंदी डिव्हिजनचं रूपांतर जंगलयुद्धाच्या प्रशिक्षण डिव्हिजनमध्ये करून तिला छिंदवाड्याला ठेवलं. तेव्हा नागपूरच्या उत्तरेचं सगळं रान जवानांनी भरलं होतं. त्या काळचे चाकू पुष्कळ, पण ते सरसकट कोठारातले आहेत. विल्किन्सननं १९४१ पासून बनवलेला फेअरबर्न-साइक्स हा कमांडोंचा दुधारी खंजीर यातला सर्वांत प्रसिद्ध. तो शांघायच्या पोलीस दलात काम केलेल्या दोघांनी आखला. त्याच्या इतक्या नकला झाल्या आहेत, की मी त्या वाटेला जात नाही.

नव्यानं या छंदात येणाऱ्यांनी कायदा माहीत करून घ्यावा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे, घरगुती वा शेतीच्या कामासाठी नसलेले चाकू शस्त्रांत मोडतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आहेत. आणि पातं घासू नये. कोरड्या फडक्यानं पुसावं, तेलाचा हात फिरवावा. आंबा कापून कापून आलेला निळसर काळा डाग हा गंज नव्हे. त्या डागानं पात्याचं उलट रक्षणच होतं.

माझ्या वहीत आजवर त्रेसष्ट चाकूंच्या नोंदी आहेत, त्यांतले एकोणीस माझ्याकडे आहेत. प्रत्येकाची बाह्यरेषा आलेख-कागदावर काढलेली, वजन, शिक्क्याचा शिसपेन्सिलीनं घेतलेला ठसा, मुठीचं लाकूड कोणतं, आणि घरच्या माणसांनी सांगितलेली हकिकत त्यांच्याच शब्दांत. अधिकाऱ्याचा असल्याची बऱ्यापैकी शक्यता मी फक्त सात चाकूंना दिली आहे. शेक्सपिअरचं नाव असलेला चाकू अजून या वहीत आलेला नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईत एकानं सांगितलं, की साकोलीकडच्या एका जुन्या घरात ‘मोठा, सरळ, मुठीला चौकड्या कोरलेला’ चाकू आहे, आणि तो कोहळं फोडायला वापरतात. या मंडईला मी तिकडे जाणार आहे.